सुळेवाल्या जीपची शुद्धप्रत

वर आठ टेंगळं असलेल्या, एकाच रंगाच्या सहा प्लॅस्टिकच्या विटा घेतल्या तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ तऱ्हांनी एकमेकींत बसवता येतात. लेगो कंपनी कित्येक वर्षं हा आकडा १० कोटी २९ लाख ८१ हजार ५०० असा सांगत होती. कोपनहेगन विद्यापीठातल्या गणितज्ञांनी पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आलं की कंपनीने फक्त सहा मजली मनोरेच मोजले होते. तर एवढं अफाट स्वातंत्र्य हाताशी असताना कमावती, मिशा फुटलेली माणसं त्याचं काय करतात? ‘हेलो’ या व्हिडिओ गेममधली वॉर्टहॉग नावाची जीप पेटीतून विकत आणतात, पुस्तिकेबरहुकूम जोडतात, आणि मग कित्येक रविवार तिचा मागचा मडगार्ड अर्ध्या टेंगळाने आत घेण्यात घालवतात. या उद्योगाला सर्जनशीलता म्हणायची पद्धत आहे. माझ्या मते ते शुद्ध मुद्रितशोधन आहे. अशा माणसाला नवं काही लिहायचं नसतं, छापलेल्यातली चूक काढायची असते. कोट्यवधी रचनांतली एकच त्याला बरोबर वाटते, बाकीच्या सगळ्या छपाईच्या चुका.

पुरावा मोजपट्टीतच आहे. गेममधला चिलखती सैनिक सुमारे ७ फुटांचा, पेटीतला ५ सेंटिमीटरचा. म्हणजे प्रमाण साधारण एकास बेचाळीस. गेमच्या कथेप्रमाणे जीप ६ मीटरच्या आसपास लांब, तेव्हा मॉडेलच्या वाट्याला आली जेमतेम अठरा टेंगळं. आता दोन टेंगळांतलं अंतर ८ मिलिमीटर, आणि जीपच्या जगात ते होतं फूटभराहून जास्त. सगळ्यांत पातळ प्लेट ३.२ मिलिमीटर जाडीची, म्हणजे तिकडे चांगला १३ सेंटिमीटरचा पत्रा. ज्या भाषेतलं सगळ्यांत छोटं अक्षरच फूटभर आहे, तिच्यात काना-मात्रा कुठून आणणार? म्हणून मग चोरवाटा. मधोमध एकच टेंगूळ असलेली प्लेट मिळते, तिच्यावर काही बसवलं की ते नेमकं अर्धं टेंगूळ सरकतं. दुसरी चोरवाट विटा आडव्या लावण्याची. पाच प्लेटांची चळत १६ मिलिमीटर भरते आणि दोन टेंगळांची रुंदीही १६ मिलिमीटरच. या एका योगायोगावर (तो योगायोग नाही, पण तसं मानण्यात मजा आहे) सगळा डोलारा उभा आहे. बॉनेटचे उतार, पुढचे सुळ्यांसारखे दोन हूक, मागच्या तिनळी बंदुकीची बैठक, हे सगळं आडव्या विटांतून निघतं. इतकी आकडेमोड करणारा माणूस मुक्त कलावंत असेल, तर आयकर विवरण भरणारे आपण सगळेच कवी.

यावर पहिला आक्षेप असा की कंपनीच्या पगारी रचनाकारांना हे सुचलं नसेल का? सुचलं असणारच. पण पेटीतली गाडी एकटा रचनाकार घडवत नाही. शेजारी हिशेबनीस बसलेला असतो, त्याला आधीच साच्यात असलेलेच तुकडे वापरायचे असतात. त्याच्या शेजारी सुरक्षेचा माणूस असतो, आणि त्याच्या डोळ्यांपुढे आठ वर्षांचं मूल आणि फरशी. तिघांचं एकमत होतं ती गाडी पेटीत येते. सुधारणारा फक्त दोघांना खोलीबाहेर काढतो.

दुसरा आक्षेप सोवळ्याचा आहे आणि तो जास्त तिखट. लेगोच्या विटेच्या पेटंटचा अर्ज डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला. पुढे पेटंटं संपली आणि माँट्रियलच्या मेगा ब्लॉक्सने त्याच मापाच्या विटा काढल्या. हेलोच्या गाड्या याच कंपनीच्या. लेगोवाले कोर्टात गेले. २००५ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की टेंगळांची ती मांडणी कामासाठी आहे, तिच्यावर व्यापारचिन्ह म्हणून कायमचा हक्क सांगता येणार नाही. म्हणजे एका कंपनीच्या जीपला दुसरीचा दिवा लावावा, याला सर्वोच्च न्यायालयाची हरकत नाही. हरकत आहे ती छंदवाल्यांची. त्यांच्यातले कडवे लोक दुसऱ्या कंपनीची वीट डब्यात पडली तरी डबा धुऊन घेतील. विटेवर ताण येईल अशा जोडणीला ते ‘बेकायदा’ म्हणतात. करवत, गोंद आणि रंग यांचं तर नावही काढायचं नाही. पण हे सोवळंसुद्धा माझाच मुद्दा पक्का करतं: स्वातंत्र्याची हौस असलेले लोक स्वतःसाठी इतके नियम करत बसत नाहीत. सोवळ्यावाल्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे. दोन कंपन्यांचा लष्करी हिरवा कधी जुळत नाही, आणि दुरून जीपला गजकर्ण झाल्यासारखं दिसतं.

सगळ्यांत अवघड आक्षेप असा की शुद्धप्रत म्हणता, पण मूळ प्रत कुठली? नोव्हेंबर २००१ मध्ये पहिला हेलो आला तेव्हा ही जीप काही केल्या फुटत नसे. २००४ च्या दुसऱ्या भागात तिचे तुकडे उडू लागले, २००७ च्या तिसऱ्यात माणसं वाहणारी जीप आली. न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने हेलोवरच्या सिनेमासाठी खरोखर चालणारी जीप बांधली. सिनेमा बारगळला, गाडी नील ब्लॉमकॅम्पच्या ‘लँडफॉल’ या लघुपटांत तेवढी दिसली. तरी त्यातली कुठली अस्सल, हे सांगणं कठीण. मला हा आक्षेप मान्य आहे, पण त्याने शोधनाचं काम थांबत नाही. ज्या ग्रंथाचं मूळ हस्तलिखितच नाही त्याचे पाठभेद जुळवणारे विद्वान आपल्याकडे आयुष्यं काढतात, आणि त्यांना तर वर अनुदानही मिळतं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ही मंडळी आकार शोधतात आणि स्वभाव विसरतात. वॉर्टहॉगचा मुख्य गुण म्हणजे ती उलटते. लहानशा उंचवट्यावरून उडते, हवेत कोलांटी घेते, चाकं वर करून पडते. मग सैनिक जवळ येतो, एक बटण दाबलं जातं, आणि तो एकटाच तिला सरळ करतो. गेम खेळलेल्या कोणालाही हे आधी आठवतं, बंपर नंतर. आणि सुधारलेल्या मॉडेलांत काय करतात, तर चाकांमधलं अंतर वाढवतात, तळाशी वजन घालतात, म्हणजे कपाटावर गाडी भक्कम उभी राहावी! ही तर अक्षम्य अशुद्धी झाली. बंदूक जड करा, ती आणखी दोन प्लेटा उंच न्या, आणि गाडी फडताळाच्या कडेला ठेवा. धूळ झटकणारा पहिला हात उरलेली दुरुस्ती करून देईल.