आवाजाला नाक आलंय

सप्ताहासाठी गावाला नवा साउंड घ्यायचं ठरलं आणि चार बुकं शिकलेला म्हणून मला सास्तूरहून उमरग्याला धाडलं. दुकानदारानं पहिला नमुना लावला. "ऐका, एकदम वॉर्म आवाज." वैशाखाचं ऊन आणि डोक्यावर पत्रा, दुकानात वॉर्म नव्हतं असं काहीच नव्हतं. दुसऱ्याचा आवाज 'क्रिस्प' निघाला. हा शब्द मी आजवर भज्यांसाठी राखून ठेवला होता. तिसऱ्याचा बेस 'टाइट' होता, चौथ्याचा 'ओपन'. बैठकीत राग न ओळखणारा माणूस शेजाऱ्याकडे बघून मान डोलावतो, तशी मी चारही वेळा डोलावली.

शेवटी खोक्यावर ठळक आकडा दिसला, 3000 वॅट पीएमपीओ, आणि जीव भांड्यात पडला. विशेषणं कुणीही चिकटवील, आकडा थोडाच खोटं बोलतो?

संध्याकाळी सभागृहात "हॅलो, माइक टेस्टिंग" झालं आणि गाव परीक्षक झालं. कुणी म्हणालं, "फाटायलाय." कुणी म्हणालं, "घुमायलाय." आचाऱ्याला तो पातळ वाटला. सगळ्यांचं ऐकून विणेकरी तात्या म्हणाले, "आवाजाला नाक आलंय बघा."

मी हसलो. साउंडवाला पोरगा मात्र हसला नाही. त्यानं मधल्या पट्टीचं बटण बोटभर डावीकडे फिरवलं आणि कीर्तनकार महाराजांचा आवाज नाकातून उतरून छातीत आला. पुढं वाचनात आलं, की साधारण हजार हर्ट्‌झच्या आसपासचा भाग जास्त उचलला गेला की आवाज नाकातला वाटतो. तात्यांना हर्ट्‌झ ठाऊक नव्हता, पण तो कुठं दुखतोय ते अचूक ठाऊक होतं.

घुमणं राहिलंच होतं. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपाआधी इथं दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीची माळवदं होती. आवाज त्यांत जिरायचा. आता सगळं सिमेंट. महाराजांनी एकदा 'विठ्ठल' म्हटलं की चार भिंती मिळून तीनदा म्हणत. पुण्य तिप्पट, अर्थ शून्य. तात्या म्हणाले, "भिंती उघड्या हायत. पांघरूण घाला." बायांनी घरोघरच्या वाकळा आणून भिंतींवर टांगल्या आणि विठ्ठल एकदाच ऐकू यायला लागला. वैशाखात भिंतींना वाकळ पांघरणारं आमचं एकच गाव असावं.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतात आणि तार भरून गुंजायला लागली की म्हणतात, "आता जवारी लागली." ऐकणाऱ्याला हा शब्दही हवेतलाच वाटतो; पण धागा डोळ्यांना दिसतो आणि केसभर सरकला तरी तार मुकी होते. शब्द मोघम असला तरी चालतो. तो ऐकून कुठं हात घालायचा ते कुणाला तरी कळलं पाहिजे. दुकानदाराच्या 'वॉर्म'साठी कुठलं बटण फिरवायचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

राहिला माझा लाडका आकडा. काल्याच्या दिवशी यंत्र उचलताना मागची चिठ्ठी वाचली: विजेचा खप 40 वॅट. चाळीस घेऊन तीन हजार देणारं बियाणं मिळालं असतं, तर सोयाबीन पेरून आम्ही एव्हाना अख्खं उमरगा विकत घेतलं असतं. पीएमपीओ मोजायची ठरलेली रीतच नाही. ज्यानं त्यानं आपल्या उत्साहाप्रमाणे फुगवावा. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे यंत्र सतत देऊ शकतं त्या ताकदीचा; तो खोक्यावर शोधूनही सापडला नाही.

म्हणजे सगळ्या व्यवहारात सर्वांत काटेकोर दिसणारी गोष्ट तेवढी थाप निघाली आणि नाकाची गोष्ट खरी. तेव्हा साउंड घ्यायला जाल तर आरएमएस विचारा आणि सोबत एखादा विणेकरी न्या. आमचे तात्या यायला तयार आहेत. फक्त त्यांच्यासमोर आवाज वॉर्म आहे म्हणू नका. ते पंखा लावायला सांगतील.