दोन ड्रायव्हर आणि एक स्वयंपाकी

कंपन्यांच्या वार्षिक अहवालात अध्यक्षांचं पत्र असतं. गुळगुळीत कागद, पिवळं हेल्मेट घातलेल्या हसऱ्या कामगाराचा फोटो आणि खाली ठरलेलं वाक्य : माणसं हीच आमची खरी संपत्ती. मी भाबडा, ही संपत्ती ताळेबंदात शोधायला गेलो. जमीन सापडली, यंत्रं सापडली, गोदामात पडून असलेला मालही सापडला. माणसं निघाली नफा-तोटा पत्रकात, खर्चाच्या बाजूला. मथळा : 'कर्मचारी लाभ खर्च'. महिनाभर राबून मिळालेल्या पगाराला 'लाभ' म्हणायला वेगळीच प्रतिभा लागते.

तर, ज्यानं उमेदीची वर्षं मनुष्यबळ खात्यात घालवली असा एखादा माणूस संचालक मंडळावर असावा, अशी कुजबुज अधूनमधून ऐकू येते. माझा याला ठाम विरोध आहे. नियमही माझ्याच बाजूचे आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या लेखापरीक्षण समितीतल्या प्रत्येकाला हिशेब वाचता आले पाहिजेत आणि एक जण तरी त्यात मुरलेला हवा, असं सेबी सांगते. नामांकन व मानधन समितीला असा जाच नाही. वरच्या खुर्च्यांवर कुणाला बसवायचं आणि त्यांना काय द्यायचं हे सुचवण्याचं काम तिच्याकडे, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७८ नुसार. तिथले सदस्य बिगर-कार्यकारी असले आणि त्यातले दोन-तृतीयांश स्वतंत्र असले की झालं. माणसं वाचता येण्याची अट नाही. आकडे अवघड असतात हो. माणसं काय, कुणालाही कळतात.

पण २०१७ च्या कोटक समितीनंतर सेबीनं एक नसती कटकट मागे लावली. कुठल्या संचालकाकडे कुठलं कौशल्य आहे, याचा तक्ता आता अहवालात छापावा लागतो. माझा एक स्नेही कंपनी सेक्रेटरी आहे. त्यानं तो तक्ता भरला. वित्त, कायदा, तंत्रज्ञान या रकान्यांत मोजून दोन-तीन खुणा. 'मनुष्यबळ' या रकान्यात मात्र नऊच्या नऊ. एका ज्येष्ठ संचालकांना त्यानं भीत भीत विचारलं, "सर, यातला अनुभव काय लिहू?"

"अहो, वीस वर्षं दोन ड्रायव्हर आणि एक स्वयंपाकी टिकवलाय मी!"

स्नेह्याचं म्हणणं, त्या मंडळातला हाच सर्वांत भरीव अनुभव होता.

त्याच कंपनीच्या एचआर प्रमुख बाई बैठकीच्या दिवशी अकरापासून बाहेरच्या सोफ्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतात. विषय क्रमांक चौदा, चौदापैकी. आत बोलावणं येतं तेव्हा काजू संपलेले असतात आणि दोघांना विमान गाठायचं असतं. "मॅडम, पाच मिनिटांत उरका." कारखान्यातली पोरं का सोडून जाताहेत, हे बाईंना सांगायचं होतं. पहिल्याच स्लाइडला प्रश्न आला, "यंदा दिवाळीला मिठाई की सुकामेवा?" त्यावर चर्चा रंगली. इतिवृत्तात ओळ पडली : 'विषयाची नोंद घेतली.' चहाचे कप उचलणाऱ्या मामांना मात्र मोल्डिंगचे तिघे शनिवारी कुठे इंटरव्ह्यूला जाणार, हेसुद्धा ठाऊक होतं. मामांना कुणी विचारलं नाही. तेही मंडळावर नाहीत.

या खात्यातल्या माणसाला पूर्वी लेबर ऑफिसर म्हणत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात नाहीतर भोसरीत सकाळच्या पाळीला तो गेटवर उभा असायचा. कुणाचं गाव कुठलं, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलंय, युनियनमध्ये कुणाचं कुणाशी बिनसलंय, सगळं त्याच्या डोक्यात. मग त्याचा पर्सोनेल मॅनेजर झाला, मग एचआर, आणि आता काही ठिकाणी 'पीपल अँड कल्चर'. नाव लांबत गेलं तसा तोही गेटपासून लांब गेला. हल्ली तो रांगोळी स्पर्धेचा निकाल ई-मेलवर कळवतो. तेव्हा दोष एकट्या मंडळाचा नाही, हेही लिहून ठेवतो.

शिवाय असा माणूस मंडळावर आला, तर भलते प्रश्न विचारणार. डिसेंबर २०२० मध्ये कोलारजवळच्या विस्ट्रॉनच्या आयफोन कारखान्यात कामगारांनी पगारावरून तोडफोड केली. कामाच्या तासांची व्यवस्था धड नव्हती, हे नंतरच्या तपासणीत निघालं. 'तपासणी आधी का नाही केली?' असं विचारणारा शेजारच्या खुर्चीत बसला असेल, तर काजू घशाखाली उतरतील का?

तेव्हा आहे ते ठीक आहे. मंडळाच्या वर्षाला किमान चार बैठका होतात आणि दोन बैठकांत १२० दिवसांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही, ही कायद्याची सक्त ताकीद आहे. मोल्डिंगच्या त्या तिघांचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे.