स्टेपनीची साक्ष

गाडीचा टायर जरा बसलेला दिसला की आपल्यातला फौजदार जागा होतो. संशयितांची यादी तयारच असते. सोसायटीतली सुट्टीला सोकावलेली पोरं, पार्किंगवरून डूख धरून बसलेला शेजारी, ‘भरली साहेब’ म्हणत नळी गुंडाळणारा पंपावरचा पोरगा, आणि यातलं कुणीच सापडलं नाही तर रस्त्यात खिळे पेरतो असा ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या वहीम आहे तो पंक्चरवाला. हवा कुणी काढलीच नसेल, ती आपली आपण गेली असेल, ही शक्यता मात्र या तपासात कुणी विचारात घेत नाही. तिच्यात डाफरायला कुणी उरत नाही, हीच तिची अडचण. तरी पुरावा नीट तपासला तर बहुतेक वेळा तीच खरी निघते. महिन्याकाठी पौंडभर हवा सोडणं हा टायरचा स्वभावच आहे, आणि स्वभावावर फिर्याद दाखल करता येत नाही.

पहिली साक्ष स्टेपनीची. डिकीत, गालिच्याखाली, अंगावर सगळ्या घराचं सामान घेऊन ती वर्षानुवर्षं पडून असते. तिला खड्डा माहीत नाही, खिळा माहीत नाही, आणि ती कुठे असते हे सोसायटीतल्या पोरांना माहीत नाही. तरीही घाटात, भर पावसात तिला बाहेर काढावं तर ती चपटी. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकानं हाच प्रकार शिस्तीत करून पाहिला. 31 प्रकारचे टायर 30 पौंडांवर भरले आणि वर्षभर नुसते ठेवून दिले. एक मैलही न धावता साध्या हवेचे टायर सरासरी साडेतीन पौंडांनी उतरले. चालत्या गाडीचे टायर तापतात, तापलेल्या रबरातून हवा अधिक वेगानं निसटते, म्हणून त्यांची तूट याहून मोठी. यावर कुणी म्हणेल, कुठेतरी बारीक भोक असणारच. मग पंक्चरवाल्याचं काम जवळून पाहावं. तो टायरवर साबणाचं पाणी फिरवतो, कडेला कान लावतो, शेवटी थुंकीचं बोट वॉल्व्हच्या तोंडावर टेकवून क्षणभर टक लावून बसतो. बुडबुडा येत नाही. ‘काही नाही, साहेब,’ तो प्रामाणिकपणे सांगतो आणि पैसेही घेत नाही. त्यामुळे तर आपला संशय अधिकच बळावतो.

भोक नाही आणि हवा तर जाते, हे कोडं टायरपेक्षा जुनं आहे. 1830 च्या सुमाराला फिलाडेल्फियातले डॉक्टर जॉन मिचेल यांच्या ध्यानात आलं की तोंड घट्ट बांधलेल्या रबरी फुग्यांतूनही वायू निसटतो. पुढे 1866 मध्ये थॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञानं त्याची उकल केली. वायू रबरात भोक शोधत बसत नाही. तो रबरात विरघळतो, आतल्या आत सरकतो आणि दुसऱ्या अंगानं बाहेर पडतो. रबर म्हणजे लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंचा गुंता, आणि तो सतत वळवळत असतो. दादरच्या पुलावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा दिसत नाही, तरी धक्के खात माणूस पलीकडे पोचतोच. ऑक्सिजनचा रेणूही तसाच पोचतो. टायर बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. 1937 मध्ये अमेरिकेत ब्युटिल रबर तयार झालं. त्याच्या साखळ्या नैसर्गिक रबराच्या मानानं सुस्त, त्यामुळे त्यातून हवेला वाट मिळायला फार वेळ लागतो. ट्यूबलेस टायरच्या आतून त्याच कुळातल्या रबराचं अस्तर लावलेलं असतं. त्यानं गळती बंद होत नाही, फक्त हप्ता कमी होतो.

‘मग नेमकी थंडीतच हवा जास्त का जाते?’ हा आक्षेप रास्त आहे. थंडीत ती जाते त्याहून जास्त आकसते. नागपुरात मे महिन्यातल्या 45 अंशांच्या दुपारी टायरमध्ये 33 पौंड हवा भरली, तर डिसेंबरातल्या 10 अंशांच्या पहाटे, एकही रेणू बाहेर गेला नसला तरी, गेज जेमतेम 28 दाखवेल. दर 10 अंशांना साधारण दीड पौंड, असा हा हिशेब. त्यात मधल्या सात महिन्यांची खरी गळती मिळवली की एका गार सकाळी सगळी थकबाकी एकदम अंगावर येते, आणि आपल्याला वाटतं, काल रात्रीच कुणीतरी डाव साधला.

याच हिशेबातून एक घातक शहाणपण निघालं आहे: उन्हाळ्यात हवा वाढते, तेव्हा चार पौंड कमीच ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही. ऐकायला हे बिनतोड वाटतं. फक्त टायरला ते पटत नाही. हवा कमी असली की टायरची बगल प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि सुटते, त्या मोडण्यातून उष्णता तयार होते, आणि टायर फुटण्याच्या दिशेनं निघतो तो याच उष्णतेमुळे. कंपनीनं दिलेला आकडा गार टायरचा असतो. धावल्यावर वाढणारे चार-पाच पौंड त्यात आधीच धरलेले असतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला आणि टायर फुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा काँक्रीटपासून ग्रहदशेपर्यंत सगळ्यांवर ठपका ठेवून झाला. परिवहन खात्याची माणसं मात्र गाड्या थांबवून टायर तपासायला लागली.

दुसरं शहाणपण विकत मिळतं, त्याचं नाव नायट्रोजन. हिरवं टोपण बसवलेला टायर पाहिला की मालकाच्या चेहऱ्यावर विमा उतरवल्याचं समाधान दिसतं. नायट्रोजन रबरातून ऑक्सिजनपेक्षा सावकाश जातो, हे खरंच आहे. पण त्याच अमेरिकी चाचणीत नायट्रोजनचे टायरही वर्षात सव्वादोन पौंडांच्या आसपास उतरले. म्हणजे फायदा जेमतेम सव्वा पौंडाचा. शिवाय साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. त्यातला ऑक्सिजन आधी पळतो, आपण वरून पुन्हा साधी हवा भरतो, आणि असं चालत राहिलं की टायरमधलं नायट्रोजनचं प्रमाण आपोआप वाढत जातं. जो माल टायर घरच्या घरी तयार करतो, त्याची आपण पावती घेतो.

शेवटचा आक्षेप फौजदाराचा: सगळेच निर्दोष, तर पंक्चर कुणाचं होतं? त्यासाठी सोपी कसोटी आहे. चारही टायर सारखेच उतरले तर तो स्वभाव. एकच टायर आठवड्याभरात बसला तर तो गुन्हा. मग खुशाल खिळा शोधावा, वॉल्व्हची पिन बदलावी, रिमच्या कडेचा गंज घासावा. बाकीच्यांसाठी अटकेची गरज नाही, हजेरी पुरे: महिन्यातून एकदा, सकाळी, टायर गार असताना, पाचव्यासकट. पंपावर ‘किती ठेवू?’ या प्रश्नाला ‘किती ठेवतात?’ असं उत्तर देण्याची आपली परंपरा आहे. त्याऐवजी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा वाचावा. वेळही फारसा जात नाही. पेट्रोलला दहा गाड्या उभ्या असतात, तेव्हा पलीकडे हवेची नळी बहुधा मोकळीच असते. फुकट मिळत असूनही जिच्यासाठी या देशात झुंबड उडत नाही, अशी बहुतेक ही एकच वस्तू उरली आहे.