अस्वल जिवंत आहे

॥ श्री महाकालेश्वर प्रसन्न ॥

अँकरेज, अलास्का
अनंत चतुर्दशी

ती. बाबांना आणि ती. सौ. आईला,
शि. सा. न. वि. वि.

सर्वांत आधी एक खुलासा. अस्वल जिवंत आहे.

काल इंदूरहून काकांचा फोन आला. "जावईबापूंनी अस्वल लोळवलं म्हणे! तुझे बाबा उज्जैनला टॉवर चौकात पोह्यांच्या गाडीवर सगळ्यांना फोटो दाखवत होते." बाबा, त्या फोटोत ह्यांच्या हातात बंदूक आहे हे खरं. पण समोर कागदाची चकती होती, आणि त्या चकतीलाही फारसं काही झालं नाही. तेव्हा फ्रीगंजात आणखी कुणाला पेढे वाटण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

प्रकरण सुरू झालं जुलैत. आमच्या घरामागच्या ओढ्याला त्या दिवसांत समुद्रातून सामन मासे चढतात आणि माशांमागून अस्वलं येतात. ह्यात आमचा काही दोष नाही. दोष त्यापुढचा. आईच्या शिकवणीप्रमाणे मी घरी तूप कढवलं आणि बेरी कचऱ्याच्या डब्यात टाकली. सकाळी उठून बघतो तर डबा रस्त्यापलीकडे, आणि आतून असा लख्ख चाटलेला की घासायची गरज उरली नव्हती. शेजारच्या आजीबाई इथे चाळीस वर्षं आहेत. त्यांनी पंजाचा ठसा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बारा गेजची बंदूक घ्या. आणि काडतूस विचार करून घ्या."

हे फोनवर सांगितलं तेव्हा मुली-नातवंडांची खुशाली विचारायच्या आधी तुम्ही विचारलंत, "काडतुसं एल.जी. घेताय की एस.जी.?" तुमचा अधिकार मी नाकारत नाही. आपल्या घरी दुनाळी आहे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली शक्तिमान काडतुसं तिच्याशेजारी कपाटात आहेत, आणि दसऱ्याला दोन्हींना झेंडूची माळ पडते. पण बाबा, ती बंदूक जितक्या वेळा निवडणुकीआधी ठाण्यात जमा होऊन आली, तितक्या वेळा जंगलात गेलेली नाही. आणि अस्वलाचा आपला अनुभव म्हणजे तुमच्या लहानपणी छत्री चौकात मदारी नाचवायचा ते.

बारा गेज म्हणजे आपली बारा बोर. त्यातल्या 'बारा'चा अर्थ मला इथे येऊन कळला. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या करायच्या. त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोर, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून वीस बोरची नळी बारापेक्षा मोठी नसते, बारीक असते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आपल्या गावात, सिंहस्थ बारा वर्षांनी, तेव्हा उज्जैनच्या माणसाच्या नशिबी बारा बोर येणारच, असं मी ह्यांना समजावलं. हे डोंबिवलीचे. ह्यांनी आयुष्यात टिकल्यांचं पिस्तूलही भावाच्या आडून उडवलेलं.

दुकानात गेलो. आधी कागदपत्रं. ग्रीन कार्ड आहे म्हणून निभावलं. नुसत्या नोकरीच्या व्हिसावर असतो, तर शिकारीच्या परवान्याशिवाय काडतूस खिशात ठेवणंही गुन्हा झाला असता. काउंटरमागे पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ होते. त्यांनी साडीच्या दुकानात घड्या उलगडतात तशी एकेक पेटी उघडून दाखवली.

पहिली पेटी बारीक छऱ्यांची. ही बदकांसाठी. अस्वलावर झाडली तर अस्वलाचा फक्त स्वभाव बिघडतो.

दुसरी मोठ्या छऱ्यांची, तुमच्या एल.जी.-एस.जी.ची अमेरिकन मावसबहीण. नेहमीच्या काडतुसात नऊ छर्रे, प्रत्येकाचा व्यास ८.४ मिलिमीटर, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. ऐकायला भरघोस वाटतं. पण छर्रे गोल आणि हलके, त्यामुळे कातडं, चरबी आणि खांद्याचे स्नायू ओलांडून हाडापर्यंत पोचता पोचता दम सोडतात. नऊ जण निघाले आणि एकही मुक्कामी पोचला नाही, अशी आपल्या नातेवाइकांच्या सहलीसारखी गत.

तिसरी पेटी सबंध गोळीची. इथे तिला स्लग म्हणतात. एका काडतुसात एकच शिशाचा गोळा, २८ ग्रॅम, आईच्या हिशेबाने जवळजवळ जुने अडीच तोळे. मी म्हटलं, झालं, हीच द्या. दाढीवाल्यांनी मान हलवली. हीतही दोन जाती. एक १९३१ साली कार्ल फॉस्टर नावाच्या अमेरिकन माणसाने काढलेली, मऊ शिशाची, मागून पोकळ. ती हरणासाठी उत्तम, कारण लागताक्षणी पसरते. अस्वलाला पसरलेली गोळी नको असते, आत घुसलेली हवी असते. (अस्वलाला कुठलीच नको असते, पण ह्यांनी हे तिथे बोलून दाखवायला नको होतं.) दुसरी जात जर्मन, विल्हेल्म ब्रेनेके ह्यांनी १८९८ साली बसवलेली. पुढून भरीव, कडक शिशाची, शेपटाला बूच घट्ट जोडलेलं. तिचं एक तीन इंची रूप ३९ ग्रॅमचं, म्हणजे तीन तोळ्यांच्या वर. इथली मंडळी तपकिरी अस्वलासाठी हीच भरतात.

तुमचा सल्लाही मी त्यांना विचारला, "पहिलं काडतूस छऱ्यांचं, मागचं गोळीचं, असं आलटून पालटून भरलं तर?" ते म्हणाले, "बाई, अस्वल धावतं ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास. तीस मीटरवर दिसलं तर तुमच्या हाती दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत नळीत आता काय आलंय ह्याचा हिशेब करणार? सगळी एकाच जातीची भरा." बाबा, ह्यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर कळवा. मला सुचलं नाही.

मग चांदमारी. फोटो तिथलाच. फोटोनंतरचा क्षण कुणी टिपला नाही ते बरं. तीन इंची काडतूस सुटलं, दस्ता खांद्यात बसला, आणि हे दोन पावलं मागे येऊन माझ्या पायावर उभे राहिले. खांदा आठवडाभर जांभळा होता. आईने सांगितलेला हळद-तुरटीचा लेप लावला. आता घरात गावठी तूप निघत नाही, पण हळदीचा खप वाढलाय.

दुकानातली चौथी पेटी सांगायची राहिली. तीत नुसत्या आवाजाची काडतुसं होती. बंदुकीतून सुटतात आणि लांब जाऊन सुतळी बॉम्बसारखी फुटतात. वनखात्याची माणसं अस्वलं हुसकावायला वापरतात. ती बघून मला महाकालाची श्रावणातल्या सोमवारची सवारी आठवली. पालखीच्या पुढे कडाबिनी उडायच्या आणि मी तुमच्या खांद्यावर बसून तुमचेच कान दाबायची. त्यांतही शिसं नसायचं, नुसता दणका, आणि गल्ली मोकळी! मी ती पेटी मागितली. दाढीवाल्यांनी हातातून काढून घेतली. "नवशिक्यांनी नको. नेम चुकून हा बार अस्वलाच्या मागे फुटला, तर ते घाबरून पळेल. कुठल्या दिशेला, विचार करा."

निघताना त्यांनी एक डबा पुढे केला. अस्वलाच्या तोंडावर मारायचा फवारा. आत काय, तर मिरचीचा अर्क! पल्ला आठ-नऊ मीटर, सातेक सेकंदांत डबा रिकामा. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो ह्या संशोधकांनी अलास्कातले खरे प्रसंग गोळा करून २००८ साली मांडलं, की फवाऱ्याने तपकिरी अस्वल १०० पैकी ९२ वेळा आवरलं. २०१२ साली त्यांनीच बंदुकांचा हिशेब केला. लांब नळीच्या बंदुकांना ७६. दाढीवाले प्रामाणिक होते. म्हणाले, दोन्ही आकडे एका तराजूत टाकू नका, फवाऱ्याच्या खात्यात नुसती चौकशीला आलेली अस्वलंही आहेत. तरी माझा जीव मिरचीवरच बसला. आपल्या घरात वर्षाचं तिखट कांडलं की अख्खी गल्ली ठसकायची, तेव्हा आपण केवढी शस्त्रसज्ज माणसं होतो ह्याची कुणाला कल्पना नव्हती.

मात्र एक खुबी ऐका. हा फवारा जमिनीवर किंवा तंबूवर आधीच मारून ठेवला, तर सुकलेल्या तिखटाच्या वासाने अस्वलं उलट जवळ येतात आणि त्यात लोळतात. म्हणजे तिखट त्यांना आवडतं, फक्त डोळ्यांत गेलेलं चालत नाही. अगदी आपल्या घराण्यासारखं.

एवढं करून अस्वल मारलंच, तर पुढे काय? तर कातडं नखांसकट सोलायचं, कवटी काढायची आणि दोन्ही सरकारजमा करून वर कागद भरून द्यायचे. दिवाणखान्यात टांगायला काही मिळत नाही. आणि ते अस्वल तुमच्याच उघड्या कचऱ्यावर आलेलं असेल, तर कायदा त्याला स्वसंरक्षण मानत नाही. म्हणजे तुपाची बेरी टाकणार मी, आणि गुन्हेगार ठरणार हे! हे वाचल्या दिवशी ह्यांनी झाकणाला कडी असलेला, अस्वलाला न उघडणारा डबा आणला. बंदुकीइतकाच जड आहे. कडी अशी अवघड, की पहिले दोन दिवस आम्हालाही उघडत नव्हता.

आता मुख्य प्रसंग. ऋषिपंचमीला दीड दिवसाचा गणपती अंगणात बादलीत विसर्जन करायचा होता. हे झांज वाजवत होते, मुलं कोकलत होती, माझ्या हातात तबक. तेवढ्यात कुंपणाशी काळं काही हललं. बंदूक तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात (लहान मुलांचं घर, ते तसंच हवं), आणि फवारा चपलांच्या कपाटावर, जिथे तो हमखास हाताशी असावा म्हणून मीच ठेवला होता. धाकटा ओरडला, "आई, पाठीवर वशिंड नाही! काळं अस्वल आहे, तपकिरी नाही!" शाळेत हे शिकवतात. आपल्याला पाढे होते.

पळायचं नाही, एकत्र उभं राहायचं, आवाज करायचा, एवढंच इथे पुन्हा पुन्हा सांगतात. एकत्र आम्ही होतोच. आवाजाचं म्हणाल तर ह्यांनी भीतीने झांज जी धरली ती द्रुत लयीत, आणि 'मोरया' असा काही निघाला की आजीबाई खिडकीत आल्या. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. तो हल्ला नसतो, नीट दिसावं आणि वास यावा म्हणून उभं राहतात. त्याने बाप्पाकडे पाहिलं, डबा हुंगला, कडीवर एक पंजा मारून पाहिला आणि ऋषीच्या भाजीत आपल्याला काही रस नाही अशा चेहऱ्याने ओढ्याकडे चालतं झालं. खर्च झालेली काडतुसं: शून्य.

बाबा, दरवर्षी तुम्ही स्यमंतक मण्याची गोष्ट सांगता. आपल्याच गावात सांदीपनींकडे चौसष्ट कला शिकलेला कृष्ण, पण जांबवंताच्या गुहेत त्याला अठ्ठावीस दिवस झुंजावं लागलं. एक तरी कला अस्वलाची असायला हवी होती. ती सगळी धडपड कशासाठी, तर खोटा आळ पुसायला. आमच्याकडे चतुर्थीला दिवसभर पाऊस होता, चंद्र कुणीही पाहिला नाही, तरी जावयावर अस्वल मारल्याचा आळ आलाच. तेव्हा हे पत्र पोह्यांच्या गाडीवर मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे तो उतरेल.

एवढं लिहून झाल्यावर ह्यांना वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, खांदा चोळला आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण दिवाळीत आपण उज्जैनला जाऊन येऊ, मग पाठव."

मी आजच टाकते आहे. लहानांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, फवाऱ्याचा डबा विमानात नेऊ देत नाहीत, हातातही नाही आणि सामानातही नाही. तेव्हा बाबांना दाखवायला आणता येणार नाही. त्यांना आपली तिखटाची बरणी दाखव.