आमची साडेसात, तुमची किती?

काय दिवस आले बाप्पा! पंगतीत बुंदीची बादली समोर आली की माणसं ताटावर आडवा हात धरतात आणि आकडा सांगतात. ‘नको भाऊ, माझी साडेसात निघाली.’ शेजारचा लगेच उसळतो, ‘साडेसातात काय घाबरता? माझी नऊ होती!’ त्याच्या पलीकडचा वरणात कालवलेला हात तसाच ठेवून विचारतो, ‘नऊ म्हणजे उपाशीपोटी, की जेवल्यावर?’ आता तीन महिन्यांच्या शुगरला उपास काय अन् पारणं काय, पण असा एक प्रश्न टाकला की माणूस जाणकार ठरतो. तेवढ्यात चौथा गडी, सगळे आकड्यांत गुंतलेत हे बघून, दोनदा बुंदी घेऊन मोकळा. आणि हे चाललंय कुठं? साखरखेर्ड्यात! नावातच साखर असलेल्या गावात साखरेची ही अब्रू?

बरं, हे गाव काही रक्ताला बिचकणारं नव्हे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान इथंच भिडले. मुबारिझखान कामी आला, दख्खन निजामाच्या पदरात पडली आणि त्या आनंदात त्यानं गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. (फत्ते त्याची त्याला लखलाभ, गावानं साखर सोडली नाही.) त्याच मातीतला सहा फुटी गडी आज दोन मिली रक्त द्यायला बसतो तेव्हा तोंड भिंतीकडे, डोळे मिटलेले आणि ‘झालं का? झालं का?’चा जप सुरू. बाहेर येऊन मात्र कोपर दुमडून, कापसाचा बोळा दाबत असा उभा राहतो की सगळी लढाई यानंच मारली. वर चार जणांना सुनावतो, ‘तीन नळ्या भरल्या माझ्या!’

हो, नळ्यासुद्धा आता आपल्याला तोंडपाठ. जांभळ्या झाकणाची सीबीसीची, राखाडी शुगरची, लाल बाकी सगळ्याची. पारावर बसलेल्या माणसाला आपल्या गट क्रमांकाचा सातबारा आठवणार नाही, पण राखाडी नळीत फ्लोराईड का घालतात हे तो सांगेल. बाहेर काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात, नळीत बसल्या बसल्या साखर खात राहतात. फ्लोराईडनं त्यांचं तोंड बांधलं नाही तर मेहकर-चिखलीला पोचेपर्यंत आकडा उतरतो. म्हणजे डॉक्टरांनी आपल्याला बंदी घातली आणि आपल्या पेशींची बर्फाच्या डब्यात चंगळ! हा न्याय म्हणायचा का?

या वेडाला खरं खतपाणी घातलं ते पॅकेजनं. सत्तर तपासण्या, हजाराच्या आत, नमुना घरून नेणार. आता सांगा, नाही कोण म्हणेल? सत्तरच्या सत्तर! लग्नातल्या रुखवतातही इतके जिन्नस नसतात. पुण्यातला मुलगा दिवाळीला येत नाही, आईबापाचं पॅकेज बुक करतो. आईबापही धन्य, गल्लीभर सांगत फिरतात, ‘पोरानं आमची फुल बॉडी केली!’

पण मोजा ना एकदा ते सत्तर. एकट्या सीबीसीचेच वीस-बावीस आकडे. लाल पेशी किती, पांढऱ्या किती, पांढऱ्यांतल्या पाच जातींचे टक्के वेगळे, पुन्हा त्याच पाच जातींची संख्या वेगळी. नळी एक, थेंब एक, मशीन एक, पण यादीत बावीस ओळी. पुढं काविळीच्या तपासणीत एकूण बिलिरुबिन एक, डायरेक्ट दोन, आणि एकातून दुसरं वजा केलं की इनडायरेक्ट तीन. वजाबाकीचीही तपासणी! चरबीच्या यादीत व्हीएलडीएल नावाची एक भारदस्त ओळ असते. बहुतेक ठिकाणी ती ट्रायग्लिसराईडला पाचानं भागून आलेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीतलं पोरगं जे फुकट करतं, ते आपण पॅकेजमध्ये विकत घेतो आणि फाईलला लावतो. वा रे शहाणे!

फाईल म्हणालो म्हणून सांगतो. गावात निवृत्त गुरुजींची एक जमात आहे. यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत गेल्या कित्येक वर्षांचे रिपोर्ट तारीखवार लावलेले. सुनेनं चहा आणेपर्यंत युरिक ॲसिडचा आलेख उलगडून दाखवतात. यांना ‘तब्येत कशी आहे?’ असं विचारायची सोय नाही; उत्तर येतं, ‘क्रिएटिनिन एक पॉइंट एक.’ आपण ‘वा!’ म्हणायचं की ‘अरेरे!’ हे त्यांच्या भुवयांवरून ठरवायचं.

आणि रिपोर्ट हातात आल्यावर आपण काय वाचतो? नाव? वय? छे! आधी नजर ठळक अक्षरांवर. एक जरी आकडा ठळक दिसला की घरात बैठक. आता यातली गंमत अशी की ते ‘नॉर्मल’चे कंस मुळात बनवलेच असे जातात की शंभर धडधाकट माणसांपैकी मधली पंच्याण्णव आत बसावीत. उरलेली पाच? तीही धडधाकटच, पण कंसाबाहेर. म्हणजे ठणठणीत माणसाच्या वीस स्वतंत्र तपासण्या केल्या तर एखादी तरी ठळक निघण्याची शक्यता शंभरात चौसष्ट. मग सत्तरांत कोण सुटणार? तरी आपण विचारतो, ‘काहून आली असंल हो माझी जास्त?’ अहो, एवढी मोठी चाळणी लावली तर काहीतरी अडकायलाच हवं! बाजार समितीत सोयाबीनची ओल बाराऐवजी साडेबारा दाखवली की व्यापाऱ्याच्या मशीनला शिव्या घालून पुन्हा माप घ्यायला लावणारा हाच शेतकरी, स्वतःची टीएसएच पाच पॉइंट दोन आली की तोंडातून शब्द काढत नाही. पुन्हा तपासा म्हणायचं धैर्य सोयाबीनसाठी. स्वतःसाठी लगेच गोळी.

तीन महिन्यांच्या शुगरनं तर घरोघरी कलागती लावल्या. जुन्या तपासणीत कसं, दोन दिवस भाजी-भाकरी खायची, उपाशीपोटी आकडा चांगला आणायचा आणि येताना वाटेत जिलबी. सगळे खूश. आता लाल पेशी फितूर झाल्या. एक लाल पेशी जगते साधारण १२० दिवस, आणि तेवढ्या काळात रक्तात जी साखर फिरते ती तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. पाडव्याचं श्रीखंड, आखाजीचा आमरस, मेहुण्याच्या घरचे पेढे, सगळी नोंद. ५.७ च्या आत असाल तर सुटलात, ६.५ ला पोचलात तर अडकलात, आणि मधल्यांना म्हणतात प्री-डायबेटिक. खरा तोरा या मधल्यांचा! आजार अजून नाही, पण पथ्य, चालणं, मेथीदाणे, कारल्याचा रस आणि उपदेश सगळं चालू. पहाटे पाचला पलसिद्ध मठाकडे हात हलवत निघालेली माणसं भक्त समजून नमस्कार करायला जाल तर ती थांबायची नाहीत. त्यांची दहा हजार पावलं मोडतात.

पावसाळा लागला की पेशींचा हंगाम. आपल्याकडे ‘पेशी’ म्हटलं की बाकी लाल-पांढऱ्या सगळ्या बाद, विषय फक्त प्लेटलेटचा. डेंग्यूचा पेशंट दवाखान्यात, आणि पारावर क्रिकेटसारखा स्कोअर: ‘सकाळी ऐंशी होत्या, दुपारी बासष्ट!’ हजार हा शब्द कोणी उच्चारतसुद्धा नाही, सगळ्यांना कळतं. लगेच तीन दूत तीन दिशांना. एक पपईच्या पानांना, एक शेळीच्या दुधाला, एक किवीला. किवी! हे फळ की पक्षी यावर ज्या गावात पैज लागली असती तिथं आता किवी डझनानं मागवतात. शेळीवाल्याचा त्या आठवड्यातला रुबाब तर डॉक्टरला लाजवील. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असायला हव्यात हे खरं. पण त्यांचं आयुष्यच आठ-दहा दिवसांचं, हाडांतला मगज रोज नव्या तयार करत असतो, आणि डेंग्यूचा जोर ओसरला की बहुतेकांच्या त्या आपसूक चढतात. डॉक्टर बिचारा बीपी बघतो, रक्त घट्ट होतंय का बघतो, कारण या आजारात खरा घात रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपल्यानं होतो. पेशींवरून खरी धावपळ होते ती रक्तस्राव दिसला किंवा आकडा दहा-वीस हजारांच्या खाली घसरला तर. पण हे सांगायला तो तोंड उघडतो तेव्हा नातेवाईक पपईचा रस गाळत असतात. चौथ्या दिवशी पेशी वाढतात. श्रेय कोणाला? शेळीला.

विडालचं तर विचारूच नका. फर्नांद विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८९६ साली ही तपासणी काढली, आणि आपल्या मुलखात तिनं असा मुक्काम ठोकला की ताप आला रे आला, ‘टायफॉईडचे जंतू निघाले’. जंतू त्यात दिसतच नाहीत. दिसतात त्यांच्याविरुद्ध तयार झालेली द्रव्यं, जी जुन्या आजारानं किंवा लशीनंही मागं राहतात. खरा चोर पकडायचा तर रक्ताचं कल्चर लागतं. त्याला चार-पाच दिवस. एवढा दम कोणाला? ‘एकशे साठ आलं’ म्हणून सलाईन लावून पडण्यात जो थाट आहे तो वाट बघण्यात कुठला!

या सगळ्या धामधुमीत एक आकडा मात्र कोणी पंगतीत सांगत नाही. घरातल्या बाईचं हिमोग्लोबिन नऊ. बाराच्या खाली गेलं की रक्तक्षय, पण घरात वाक्य ठरलेलं, ‘बायकांचं असतंच कमी.’ असतंच? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानं २०१९-२१ मध्ये सांगितलं की देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींना रक्तक्षय आहे. तिच्या लोहाच्या गोळ्या आशाताई फुकट देऊन जातात, त्या फळीवर तशाच. आणि त्याच घरातल्या, दिवसभर पारावर उन्हात बसणाऱ्या कर्त्या पुरुषाचं ड जीवनसत्त्व अठरा निघालं तर सुतक! इथं मात्र आपलं हसू जरा आंबट होतं.

लग्नाच्या बायोडेटात गण, नाडी आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून रक्तगट. कशासाठी? तर ‘दोघांचा एकच गट असला की अडचण येते’ म्हणे. कसली अडचण? लाखो जोडपी एका गटाची, नातवंडं खेळवताहेत. विदर्भात विचारायचं ते सिकलसेलचं: दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. त्या तपासणीला बायोडेटात जागा नाही. ओ निगेटिव्हवाले मात्र ‘आमचं मिळत नाही बरं’ म्हणत कॉलर ताठ करून फिरतात. त्यांना सांगा, मानाचा गट त्यांचा नव्हेच. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला तो बॉम्बे ब्लड ग्रुप. साध्या तपासणीत तो ओ असल्याचं सोंग आणतो, पण ओ गटाचं रक्तही त्याला चालत नाही. लागलं तर आपल्याच जातकुळीचं. नखरा करावा तर असा!

तपासणी म्हणजे थोतांड, असं कोण म्हणतंय? २०२४ सरताना आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस झडून दोन-चार दिवसांत टकलं पडू लागली, तेव्हा पारापारावर शंभर कारणं निघाली: शाम्पू, पाणी, कोणाची तरी नजर. शेवटी वाट दाखवली रक्तानंच. आयसीएमआरची माणसं आली, रक्त आणि केसांचे नमुने गेले, सेलेनियम जास्त निघालं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी स्वतः येऊन नमुने नेले आणि बोट ठेवलं रेशनच्या गव्हावर. तिथं आधी प्रश्न होता, मग सुई. आपल्याकडे आधी ऑफर, मग सुई, आणि प्रश्न रिपोर्ट आल्यावर शोधायचे.

आणि आता तुम्ही जे गालात हसताय ना, तेही कळतंय आम्हाला. रात्री सगळे झोपल्यावर पांघरुणात मोबाईल धरून ‘एमसीव्ही कमी म्हणजे काय’ हे कोणी शोधलं? बायकोच्या रिपोर्टशी आपलं कोलेस्टेरॉल ताडून मनातल्या मनात कोण जिंकलं? तपासणीच्या आदल्या रात्री लाडू डब्यात परत कोणी ठेवला, आणि नमुना देऊन आल्या आल्या बाहेर कोणी काढला?

असो. रविवारी सकाळी साडेसहाला नमुने नेणारा तो डबेवाला पोरगा गल्लीत येतोय. तिघांनी मिळून पॅकेज केलं तर एकाचं फुकट आहे. आम्ही दोघं झालोय.