मेन स्टँडवरचा उजेड

खोपोलीच्या वीजगृहाने १९१५ साली घाटावरचं पाणी खाली आणून मुंबईच्या गिरण्या चालवायला सुरुवात केली. १९२२ साली भिवपुरी त्याच कामाला लागलं. म्हणजे मुंबईला झगमगाट पुरवायचा आमच्या कर्जत-खालापूरचा अनुभव शंभर वर्षांहून जुना. एवढ्या थोर परंपरेच्या मुलखात, कोंडाण्याच्या रस्त्यावर, माझ्या मोटरसायकलला पुढचा खड्डा दिसेल एवढाही उजेड मिळेना. दिव्याखाली अंधार म्हणावं, तर दिवाही नव्हता.

गाडी जुनी, शंभर सीसीची. अशा गाडीचा हेडलाईट बॅटरीवर चालत नाही, मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो. इंजिन जोरात फिरलं की दिवा जोरात, मंदावलं की मंद. खड्डा दिसावा म्हणून हळू जावं तर उजेड बसतो. उजेड यावा म्हणून रेस द्यावी तर खड्डा लख्ख दिसतो, पण आतून. ही योजना ज्याने आखली त्याने उल्हास नदीकाठचा आमचा रस्ता जुलै महिन्यात पाहिलेला नसणार.

पण हे झालं गाडी धडधाकट असतानाचं. आमचा दिवा मधूनच जायचा, मधूनच यायचा, आणि आला तर का आला ते सांगायचा नाही. रात्रीच्या लोकलने कर्जतला उतरायचं, स्टेशनबाहेरून गाडी काढायची, कोंदिवड्यापर्यंत फार्महाऊसवाल्यांच्या मोटारींच्या मागे मागे उसन्या उजेडात जायचं आणि त्या आपापल्या फाटकांत शिरल्या की देवाचं नाव घ्यायचं, असा क्रम ठरून गेला होता.

हेडलाईट बिघडलेला माणूस एकटा कधीच पडत नाही. चहाच्या टपरीवर गाडी लावली की सल्ला आलाच. पहिला मतप्रवाह बल्बवाल्यांचा. ‘बल्ब उडालाय, पस्तीस-पस्तीसचा टाक.’ टाकला. नवा बल्बही जुन्याच मनाने वागू लागला. दुसरा पक्ष फ्यूजवाल्यांचा. आता हॉर्न आणि इंडिकेटर बॅटरीवर, त्यांचा फ्यूज वेगळा. मॅग्नेटवरच्या या दिव्याचा त्याच्याशी बहुधा काही संबंध नसतो. पण हे सांगितलं तर माणसं दुखावतात. तिसरे जरा अभ्यासू. ते म्हणाले, ‘आरआर युनिट गेलं.’ ते म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर. ते गेलं तर बहुधा व्होल्टेज वाढून बल्ब जळतो. आमचा बल्ब तर ठणठणीत होता, फक्त त्याला लागायचं नव्हतं. मग उरतं ‘अर्थिंग’. माझं मत विचाराल तर मेकॅनिकला काही सुचेनासं झालं की तो अर्थिंग म्हणतो. डॉक्टर व्हायरल म्हणतात ना, तसं.

एका मामांनी मात्र सरळ लिंबू-मिरची बांधायला सांगितली. मला ते सगळ्यांत शास्त्रीय वाटलं. लिंबात तांब्याचा तुकडा आणि जस्ताचा खिळा खोचला तर व्होल्टभर नाही तरी त्याच्या आसपास दाब मिळतो. बारा व्होल्टला डझन-दीड डझन लिंबं पुरतील. फक्त या बल्बला तीनेक अँपियर लागतात आणि लिंबू मिलिअँपियरवर थांबतं, त्यामुळे गाडीमागे अख्खी बाग ओढत न्यावी लागेल.

पावसाच्या तोंडावर राजमाचीच्या वाटेला काजवे बघायला शहरातून झुंडी येतात. एका रात्री असेच काही तरुण रस्त्यात उभे होते. ‘काका, प्लीज, हेडलाईट बंद करा ना!’ मी त्यांना चुकवायला हँडल डावीकडे वळवलं आणि दिवा आपणहून गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. इतका समंजस स्थानिक माणूस त्यांना कधी भेटला नव्हता. समोरच्या झाडांवर काजवे लखलखत होते. त्यांच्या दिव्यात ऊर्जा उष्णतेत जवळजवळ वाया जात नाही, आणि वायरिंगही नसतं. आमच्या बल्बच्या पस्तीस वॅटमधले बहुतेक नुसतं तापण्यात जातात. तेही लागला तर.

नव्या गाड्यांचं दुखणं उलटं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा दिवा इंजिन सुरू होताच लागतो, बंद करायला बटणच नाही. तरी भर दुपारी समोरून येणारा प्रत्येक जण पंजा उघड-मीट करून ‘लाईट चालू आहे’ अशी खूण करतो. रात्री बिनदिव्याच्या माणसाला मात्र कोणी खूण करत नाही. करणार कशी, तो दिसायला तर हवा!

खरी पंचाईत अशी होती, की गॅरेजमध्ये दिवा हटकून लागायचा. मेकॅनिक मीटर लावायचा, इंजिन चालू करून, काटा एसीवर ठेवून. आकडा अगदी बरोबर. तो माझ्याकडे बघायचा, मी बल्बकडे. घरी आणून अंगणात लावली की पुन्हा काळोख. शेवटी ओट्यावर तांदूळ निवडणारी आई म्हणाली, ‘अरे, तिथं तो गाडी सरळ उभी करतो. इथं तू कलती लावतोस.’

तेवढंच होतं. साइड स्टँडवर हँडल डावीकडे पडतं, मेन स्टँडवर समोर राहतं. हँडलच्या मानेशी वायरचा जुडगा वळसा घेतो, वर्षानुवर्षं दुमडून आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. डावीकडे वळलं की काळवंडलेला एखादा तंतू टेकलेला राहतो. मीटरला वीज अशी लागतच नाही, त्यामुळे त्या एका तंतूवरही तो बारा व्होल्ट दाखवतो. बल्बने तीन अँपियर मागितले की तिथंच सगळा दाब संपतो. म्हणून अशा ठिकाणी मीटरपेक्षा दोन वायरी जोडलेला साधा टेस्ट लॅम्प खरा. तो खरंच वीज पितो.

मेकॅनिकने तुकडा कापला, नवी वायर सोल्डर केली, वळणापाशी थोडी ढिली सोडली आणि वर स्लीव्ह चढवली. आईचा सल्ला कळल्यावर तो म्हणाला, ‘मी म्हणतच होतो, अर्थिंगसारखंच काहीतरी आहे.’

तेव्हा बल्ब विकत घेण्याआधी इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. आणि गॅरेजमध्ये गेलात तर गाडी आधी साइड स्टँडवरच लावायला सांगा.