चिकित्सकरावांचे ब्रेक

सिंगापुरात चार-पाच वर्षं काढलेल्या मराठी गृहस्थाकडे एक सायकल असतेच. कुणीतरी देश सोडून जाताना कॅरोसेलवर फुकटच्या भावात काढलेली, सात गिअरांची, आधीच्या मालकाच्या पोराने चिकटवलेले डायनासोर अंगावर वागवणारी. आमचे चिकित्सकराव बँकेत आहेत. कोट्यवधींच्या कर्जाचा निकाल ते तिथे दुपारच्या कॉफीआधी लावतात. या सायकलीची ब्रेकची रबरं मात्र त्यांना महिनाभर निवडता आली नाहीत.

तक्रार खरी होती. रविवारी ईस्ट कोस्ट पार्कात एक पोर स्कूटरवरून आडवं आलं, रावांनी ब्रेक दाबला, आणि सायकल जरा विचार करून थांबली. रबरावरच्या खाचा पार पुसल्या होत्या. खाच संपली की रबर संपलं, बदलायचं. यात अभ्यासाला जागा कुठे आहे? शिवाय २०२१ पासून इथे प्रत्येक सायकलीला निदान एक चालता हातब्रेक कायद्यानेच हवा. काया टोस्टच्या नाश्त्याच्या पैशात जोडी मिळते. पण राव आधी वाचतात.

आल्प्स उतरताना रिम तापून ब्रेक ढिले पडतात का, यावर दोन रात्री गेल्या. सिंगापुरातला सर्वांत उंच डोंगर बुकित तिमाह, १६३ मीटर. रावांचा रोजचा मोठ्यात मोठा उतार म्हणजे पादचारी पुलाचा रॅम्प, आणि तिथे सायकल हातात धरून चालायची पाटी आहे.

पावसाचा मुद्दा मात्र रास्त, तो त्यांना द्यायला हवा. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि तोही न सांगता. ओल्या रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत रबर नुसतं घसरतं. रिम क्रोमच्या पोलादाची असली तर देवच आठवावा, ॲल्युमिनियमची असली तर बरं. म्हणून त्यांची नजर कूल-स्टॉपच्या, ओल्यातही धरणाऱ्या सॅमन रंगाच्या रबरांवर गेली. मग त्यांनी किलोचा भाव काढला. खरा सॅमन कितीतरी स्वस्त निघाला. मग शिमानो. शिमानोने १९७३ मध्येच सिंगापुरात बस्तान बसवलं, ‘मग इथे तरी स्वस्त नको?’ हा सवाल त्यांनी पत्नीला, सहकाऱ्यांना आणि लिफ्टमधल्या एका निरपराध आजींना केला. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत ते पुढच्याला विचारत होते, “तुमचे व्ही-ब्रेक की कॅलिपर?” त्याने मोदक उचलला आणि रांग बदलली.

याच माणसाने पुण्यात असताना नारायण पेठेतल्या दुकानापुढे सायकल टेकवून “जरा ब्रेक बघा” एवढंच म्हटलं असतं आणि चहाला गेला असता. पण जिथे मजुरी मालापेक्षा महाग, तिथे शिकलेला माणूस हळूहळू फिटर होतो. रावांनी एक्सेलचा तक्ता केला. रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकावं, नाहीतर ब्रेक किंचाळतात, हे कळल्यावर मागच्या टोकाखाली सरकवायला प्रवासाच्या ईझी-लिंक कार्डाची जाडी नेमकी पुरते, असा शोधही लावला. रबरं यायची होती. कार्ड तयार होतं. त्या आठवड्यात ते एमआरटीच्या फाटकापाशी खिसे चाचपत उभे दिसायचे.

एवढा काळ सायकल ब्लॉकखालच्या रॅकमध्ये उभी. चेनवर गंज, सीटवर मैनांची कृपा. एके सकाळी तिच्या हँडलला टाऊन कौन्सिलची चिठ्ठी लटकलेली: सायकल बेवारस दिसते, अमुक तारखेच्या आत हलवा, नाहीतर उचलली जाईल.

राव सायकल ढकलत थेट शेजारच्या ब्लॉकखालच्या दुकानात. अंकलनी मान वर न करता चाकाकडे पाहिलं, भिंतीवरचं एक पाकीट ओढलं आणि पाना हातात घेतला.

“अंकल, विच कंपाउंड?”

“ब्लॅक.”

“फॉर वेट वेदर, कॅन?”

“कॅन.”

दहा मिनिटांत काम झालं. रबराचं पुढचं टोक किंचित आत वळवताना अंकलना कार्ड लागलं नाही, नुसता अंगठा पुरला. पैसे देऊन रावांनी जुनी रबरं मागून घेतली आणि रुमालात गुंडाळली. डावं जास्त झिजलं की उजवं, हे त्यांना घरी व्हर्नियरवर मोजायचं होतं.